माझ्याच खात्यात माझा नंबर: अडीच महिन्यांचा अनुभव

फोन घेतला, पैसे घेण्या-देण्याचं यूपीआय ॲप टाकलं, भाचीने एका संध्याकाळी सगळं शिकवलं. खात्यात माझा स्वतःचा मोबाईल नंबर घालून घ्यायला मात्र अडीच महिने आणि बँकेच्या पाच फेऱ्या लागल्या. अजूनही त्या काउंटरची आठवण झाली की चीड येते. दुसऱ्या कुणाच्या तरी फेऱ्या वाचाव्यात म्हणून सगळं लिहून काढते आहे.

आमची देवबागला छोटी खानावळ आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली खाडी, मधल्या पट्टीत आमचं घर. पडवीत चार टेबलं मांडली आहेत. नवरा होडीतून पर्यटकांना फिरवून आणतो, आणि त्यातली बरीच मंडळी जेवायला आमच्याकडेच येतात. पूर्वी लोक पाचशेची नोट काढायचे आणि मी सुट्टे आणायला शेजारी धावायचे. आता कोल्हापूर-बेळगावची माणसं ताटावरून उठतात, हात धुतात आणि पहिलाच प्रश्न विचारतात, "काकू, स्कॅनर कुठे आहे?"

स्कॅनर होता, पण मुलाचा. तो पुण्याला कंपनीत कामाला आहे. त्याच्या खात्याचा क्यूआर कोड लॅमिनेट करून भिंतीला लावला होता. जेवण मी रांधायचे, पैसे पुण्याला जायचे. ड्युटीवर त्याला फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो, त्यामुळे पैसे आले की नाही हे विचारायला संध्याकाळ उजाडायची. मासेवाली सकाळी दारात टोपली उतरवते, तिला रोख लागतात. डब्यात रोख नसली की ती म्हणायची, "उद्याक देशीत मा गो?" आणि मला मान खाली घालावी लागायची. सासूबाई एकदा स्पष्टच बोलल्या, "तुझे पैशे पुण्यात नि बाजार हयसर. ह्या काय बरा न्हय."

गेल्या दिवाळीच्या गर्दीत सहा थाळ्यांचं बिल झालं १,८६० रुपये. त्या माणसाने हिरव्या टिकचा स्क्रीनशॉट दाखवला, मी हात जोडून निरोप दिला. रात्री मुलगा म्हणाला, "आई, असे पैसे आलेलेच नाहीत." स्क्रीनशॉट खोटा बनवता येतो हे मला तेव्हा कळलं. म्हणून आत्ताच सांगते, समोरच्याच्या फोनवर काय दिसतंय ते बघून गिऱ्हाईक सोडू नका. आपल्या फोनवर बँकेचा मेसेज आला किंवा आपल्या ॲपमध्ये रक्कम दिसली, तरच पैसे आले.

त्या रात्री मी ठरवलं की कोड माझ्या खात्याचा लावायचा.

भाचीने ॲप उघडून दिलं. ॲप आपल्या फोनमधून स्वतःच एक एसएमएस पाठवतं, आणि तो ज्या नंबरवरून गेला तोच नंबर बँकेतल्या खात्याला जोडलेला आहे का हे तपासलं जातं. दोन सिम असतील तर बँकेत दिलेला नंबर ज्या सिमचा आहे तेच निवडायचं, आणि त्या सिमवर एसएमएस जाण्याइतका रिचार्ज हवा. हे सगळं नीट करूनही उत्तर आलं, या नंबरवर खातं सापडत नाही. तीन वेळा केलं, तीन वेळा तेच.

पासबुक घेऊन शाखेत गेले. पहिल्या दिवशी सर्व्हर बंद होता. दुपारी दोनपर्यंत बाकावर बसले आणि परत आले. त्या दिवशी खानावळ बंद ठेवली होती.

दुसऱ्या फेरीत काउंटरवरच्या माणसाने खातं उघडून नंबर वाचला. शेवटचे आकडे ऐकले आणि माझ्या पोटात गोळा आला. तो नंबर माझ्या थोरल्या भावोजींचा होता. २०१४ च्या ऑगस्टमध्ये जन-धन योजना सुरू झाली, त्यानंतर आमच्या शाळेत शिबिर लागलं होतं. त्या वेळी घरात मोबाईल नव्हता. फॉर्म भरणाऱ्याने "एखादा नंबर सांगा" म्हटलं, आणि मुंबईच्या भावोजींचा नंबर सगळ्यांना पाठ होता, तोच दिला. भावोजी चार वर्षांपूर्वी वारले.

घरी येऊन पडवीत बसून मी तो नंबर लावला. एका तरुण मुलाने उचलला, हिंदीत बोलत होता. रिचार्ज न झालेला नंबर कंपनी बंद करते आणि काही काळाने दुसऱ्याला देते, तसा तो त्याच्याकडे गेला होता. मी खात्याचं विचारलं तर तो म्हणाला, हो, बँकेचे मेसेज येतात, मी पुसून टाकतो. चांगला मुलगा होता. पण गॅसची सबसिडी कधी जमा झाली, शिल्लक किती राहिली, हे सगळं त्या अनोळखी पोराला कळत होतं आणि मला पासबुक भरून आणल्याशिवाय कळत नव्हतं. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तशीच बसून राहिले.

तिसऱ्या फेरीला नंबर बदलण्याचा फॉर्म, आधारची प्रत, पॅनची प्रत, फोटो, सगळं घेऊन गेले. त्या माणसाने आधार आणि पासबुक शेजारी ठेवलं. एक बोट आधारवर, एक पासबुकावर. मग दोन्ही माझ्याकडे सरकवून म्हणाला, "ताई, नाव जुळत नाही."

आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. तांदळात नवं नाव लिहितात आणि त्या दिवसापासून सासरी तेच. शाळेचा दाखला माहेरच्या नावाचा, त्यावरून आधार आणि पॅन माहेरच्या नावाचे. शिबिरात मात्र रेशनकार्ड बघून खातं काढलं होतं, ते सासरच्या नावाने. इतकी वर्षं कुणी विचारलं नाही. गावात मला माहेरच्या नावाने हाक मारणारं कुणी उरलेलं नाही, आणि बँकेच्या कागदावर ती दोन वेगळी माणसं झाली.

"मग काय आणू?" मी विचारलं. "काहीतरी पुरावा आणा नावाचा," एवढंच उत्तर मिळालं. काहीतरी म्हणजे काय? मागे रांग होती, पुढचं पासबुक काचेखालून आत सरकलं होतं. मला सगळ्यात जास्त राग आहे तो याचाच. कोणकोणते कागद लागतील ते एका चिठ्ठीवर लिहून द्यायला दोन मिनिटं लागतात. तीन फेऱ्यांत तीन वेगळ्या अडचणी सांगितल्या, सगळ्या एकदम कुणीच सांगितल्या नाहीत. देवबागहून मालवणला एसटीने जायचं, गाडीची वाट बघायची, येताना पुन्हा तेच. सीझनमधला एक दिवस बंद म्हणजे आणलेली सुरमई बर्फात, आणि चार टेबलं रिकामी.

महा ई-सेवा केंद्रातल्या मुलीने मला वाट दाखवली. तिने सांगितलं की नाव बदलल्याचं राज्य शासनाच्या राजपत्रात, म्हणजे गॅझेटमध्ये, छापून घेता येतं. अर्ज ऑनलाइन करायचा, कारण लग्न लिहायचं. जुनं नाव आणि नवं नाव दोन्ही एका ओळीत छापून येतात, आणि तो कागद आयुष्यभर चालतो. अक्षर न अक्षर तपासून अर्ज करा. माझ्या वडिलांच्या नावात तिच्याकडून एक वेलांटी चुकली होती, ती मी पडद्यावर बोट ठेवून सुधारून घेतली. तिथे चुकलं असतं तर पुन्हा पहिल्यापासून सगळं करावं लागलं असतं. साधारण तीन आठवड्यांनी माझं नाव छापून आलं. ते पान मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून चौथ्यांदा शाखेत गेले.

तोच काउंटर. त्याने गॅझेट वर-खाली बघितलं आणि म्हणाला, "हे ठीक आहे, पण आधी आधारवरचं नाव बदलून आणा. मग बघू."

घरी येईपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. रात्री मुलाला फोन केला. त्याने रिझर्व्ह बँकेचा केवायसीचा, म्हणजे खातेदाराची ओळख तपासण्याचा, नियम शोधून वाचून दाखवला. ओळखपत्र काढल्यानंतर नाव बदललं असेल, तर ते ओळखपत्र आणि सोबत सरकारने दिलेलं विवाह प्रमाणपत्र किंवा नावबदलाचं राजपत्र, एवढं बँकेला पुरतं. म्हणजे माझं आधार आणि गॅझेट दोन्ही मिळून पुरेसं होतं. चौथ्या फेरीलाच काम व्हायला हवं होतं.

मग मी एक अर्ज लिहिला, साध्या मराठीत, दोन प्रती. खाते क्रमांक, मी किती तारखेला आले, दर वेळी काय सांगितलं, सोबत कोणते कागद जोडले. शेवटी लिहिलं की काम होत नसेल तर का होत नाही ते लेखी द्यावं. पाचव्या फेरीला काउंटरवर काहीच बोलले नाही. दोन्ही प्रती पुढे केल्या आणि म्हटलं, "एकावर पोच द्या." त्याने वाचलं. उठून आत गेला. पाच मिनिटांत मॅनेजरनी केबिनमध्ये बोलावलं, बसायला सांगितलं, गॅझेट पाहिलं आणि म्हणाले, "हे चालतं." माझ्यासमोर सही केली. केवायसीची मुदतही संपत आली होती, तीही त्याच कागदांवर करून घेतली. सगळं मिळून वीस मिनिटं.

शिक्का आणि तारीख असलेली पोच हातात असली की तक्रार पुढे नेता येते. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. माझ्यावर ती वेळ आली नाही, पण नंबर मी पासबुकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे. आणखी एक, केवायसी करायला ज्या शाखेत खातं काढलं तिथेच जायला पाहिजे असं नाही. त्याच बँकेच्या कुठल्याही शाखेत ते करून द्यावं असं रिझर्व्ह बँकेने सांगितलेलं आहे. हे मला आधी ठाऊक असतं तर मी दुसरी शाखा गाठली असती.

दोन दिवसांनी दुपारी मी कोकमाची आगळ गाळत होते आणि फोन वाजला. बँकेचा मेसेज, माझ्या नंबरवर, माझ्या खात्याचा. हात लाल झालेले तसेच पदराला पुसले आणि मेसेज दोनदा वाचला. ॲप लगेच चालू झालं. एटीएम कार्डाची मुदत संपली होती, म्हणून यूपीआय पिन आधारच्या ओटीपीने तयार केला. त्यासाठी आधारला जोडलेला नंबर आणि बँकेतला नंबर एकच लागतो. माझा आधारचा आधीपासून बरोबर होता, नाहीतर आणखी एक चक्कर झाली असती. पहिल्यांदा मी मासेवालीच्या मुलीच्या खात्यावर एक रुपया पाठवला, तिने आला म्हणून सांगितल्यावर बाकीचे पाठवले. नवीन फोनवर पहिले चोवीस तास मोठी रक्कम जात नाही, माझ्या बँकेत ५,००० ची मर्यादा होती. त्या दिवशी मोठा हिशेब द्यायचा असेल तर रोख जवळ ठेवा.

आता भिंतीवर माझा कोड आहे. बोलणारा स्पीकरही घेतला, त्याचं महिन्याचं भाडं द्यावं लागतं, पण चुलीपाशी उभी असतानाही रक्कम ऐकू येते. कोडवर कुणी दुसरा कागद चिकटवला नाही ना, हे रोज सकाळी झाडून झालं की बघते. आणि पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. "पैसे पाठवतोय, पिन टाका" असं फोनवर कुणी म्हणालं तर सरळ फोन ठेवा. गेलेच पैसे तर वाट न बघता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

पावसात आमच्याकडे रेंज जाते, नेट तर आधी जातं. नवऱ्याकडे बटणाचा फोन आहे. त्याच्या नंबरवरून *९९# लावून नेटशिवाय पैसे पाठवता येतात, ते आम्ही शिकून घेतलं आहे. रेंज मात्र लागते, आणि थोडं हळू चालतं, पण चालतं.

शेजारी कोकम सरबताची गाडी लावणाऱ्या मुलीचं खातं तिच्या वडिलांच्या नंबरवर आहे, आणि तिचंही लग्नात नाव बदललेलं. तिचा गॅझेटचा अर्ज परवा भरला. ते छापून आलं की आम्ही दोघी मिळून शाखेत जाणार आहोत. पोच घ्यायच्या अर्जाच्या दोन प्रती मी आत्ताच लिहून ठेवल्या आहेत, फक्त तारीख घालायची राहिली आहे.