फ्लशिंगला जाताय? देवळातला डोसा झाला की डंपलिंगही खाऊन या

न्यूयॉर्क-न्यू जर्सीत मुलांकडे आलेल्या मराठी आईवडिलांचा न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या फ्लशिंगचा कार्यक्रम ठरलेला असतो. गणपतीचं देऊळ, देवळाच्या तळघरातल्या कॅन्टीनमध्ये डोसा-कॉफी, प्रसादाचा लाडू पिशवीत आणि गाडी परत एडिसनच्या वाटेला. वीस मिनिटं चालत गेलं तर अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या चिनी वस्त्यांपैकी एक लागते आणि तिथे पोटभर, स्वस्त आणि ताजं खायला मिळतं, हे कोणी सांगतच नाही. सांगितलं तरी उत्तर ठरलेलं: "तिथे आपल्याला काय चालणार? सगळं डुकराचं." हे निम्मंच खरं आहे.

यंदा वेंगुर्ल्याहून आईबाबा आले होते. बाबा मासे, कोंबडी, मटण खातात, बीफ-पोर्क नाही. आईचंही तसंच, पण देवदर्शनाच्या दिवशी तिला अंडंसुद्धा नको. बाबांचं म्हणणं, दर्शन सकाळीच झालं, आता बंधन कसलं! सोबत माझी बारा वर्षांची लेक, तिला सगळं चालतं. म्हणजे एका टेबलावर तीन तऱ्हा.

आधी पोचायचं कसं ते. मॅनहॅटनहून ७ नंबरची सबवे थेट फ्लशिंग–मेन स्ट्रीटला जाते, शेवटचंच स्टेशन. टाइम्स स्क्वेअरहून पाऊणएक तास धरा. गाडीवर गोलात ७ असेल तर ती सगळीकडे थांबते. चौकटीच्या आकारात ७ असेल तर ती जलद, पण ती फक्त कामाच्या दिवशी, सकाळी मॅनहॅटनकडे आणि संध्याकाळी फ्लशिंगकडे धावते. क्वीन्समध्ये गाडी जमिनीखालून वर येते आणि घरांच्या गच्च्यांवरून जाते. खिडकीची जागा ज्येष्ठांना द्या. न्यू जर्सीहून येणारे पेन स्टेशनला उतरतात, त्यांनी लाँग आयलंड रेलरोडची पोर्ट वॉशिंग्टनची गाडी बघावी. तिकीट सबवेपेक्षा जास्त आणि गाड्या कमी, पण वीसेक मिनिटांत मेन स्ट्रीट, आणि गुडघेदुखीवाल्यांना जिने कमी. एक लक्षात ठेवा: फ्लशिंगच्या आधीचं स्टेशन मेट्स संघाच्या बेसबॉल मैदानाचं आहे. सामना असेल त्या दिवशी ७ मध्ये पाय ठेवायला जागा नसते.

देऊळ बाउन स्ट्रीटवर. ४ जुलै १९७७ ला प्राणप्रतिष्ठा झाली, आणि २०२२ पासून रस्त्याच्या पाटीवर 'गणेश टेंपल स्ट्रीट' हेही नाव लागलंय. ज्या जॉन बाउनच्या घराण्यावरून मूळ नाव पडलं, त्याला १६६२ मध्ये घरात क्वेकरांची (तेव्हा बंदी असलेला एक ख्रिस्ती पंथ) प्रार्थनासभा भरवली म्हणून त्या वेळी इथे राज्य करणाऱ्या डचांच्या गव्हर्नरने अटक केली होती. पुढे हॉलंडपर्यंत जाऊन तो सुटून आला. त्याचं घर त्याच रस्त्यावर अजून उभं आहे. इतकी देवळं, चर्च आणि गुरुद्वारे एकाच भागात कसे, असं बाबांनी विचारलं तेव्हा सांगायला ही गोष्ट बरी पडली. कॅन्टीनमध्ये डोसा खायचाच असेल तर दोघांत एक घ्या. पुढे पोटात जागा लागणार आहे.

आता मुख्य मुद्दा. आम्ही जेवलो त्या दुकानाचं नाव मी मुद्दाम देत नाही. मेन स्ट्रीटच्या आजूबाजूची ही छोटी दुकानं वर्षा-दोन वर्षांत हात बदलतात, नाव तेच राहतं आणि आचारी बदलतो. त्यापेक्षा दुकान कसं ओळखायचं ते शिकून घ्या. काचेमागे कोणीतरी बसून डंपलिंग (पिठाच्या पारीत सारण भरलेले चिनी मोदकच म्हणा) वळत असलं पाहिजे; हे नसेल तर पुढे चला. भिंतीवर फोटो, मोजकी टेबलं, आणि चिनी आजीआजोबा नातवंडांना घेऊन बसलेले. दर्शनी काचेवर शहराच्या आरोग्य खात्याने दिलेल्या स्वच्छतेच्या श्रेणीचं अक्षर असतं, २०१० पासून ते लावणं सक्तीचं आहे. निळा 'ए' असेल तर डोळे झाकून आत शिरा. फरशी चिकट वाटली तरी.

पारी लाटणारी बाई एका हाताने लाटणं फिरवत होती आणि दुसऱ्याने पारी. कडा पातळ, मधे जाड. शेजारची एका चापटीत सारण भरून कडा दाबून टाकत होती. दोघींचं आपसात बोलणं चालूच, नजर पारीवर नाही. आई काचेला नाक लावून उभी राहिली आणि तिने निकाल दिला: "कळ्या काही धड नाहीत, पण हात चालतोय." कळ्यांचा इथे प्रश्नच नसतो. हे डंपलिंग खळखळत्या पाण्यात सोडतात, तिथे फुटायला नको म्हणून पारी जाडसर आणि कड घट्ट मिटलेली. वाफवलेल्या शांघायी शाओलोंगबावची गोष्ट वेगळी. तिथे कळ्या बारीक आणि आत रस, कारण सारणात गोठवलेला मांसाचा रस्सा मिसळतात आणि तो वाफेवर वितळतो. ते खायचे असतील तर प्रिन्स स्ट्रीटवरचं नान शियांग प्रसिद्ध आहे. चमच्यात घ्या, बाजूला छोटं भोक पाडा, आधी रस प्या, मग बाकीचं. अख्खा तोंडात टाकलात तर टाळू भाजलीच समजा. पण रस डुकराच्या कातडीचा असतो, खेकड्याच्या सारणातसुद्धा पोर्क असतं. तेव्हा आमच्या घरात तो विषय लेकीपुरता.

मग आपण खायचं काय? फ्लशिंगमध्ये सुरुवातीला, १९७० च्या दशकात, तैवानी लोक आले आणि नंतर चीनच्या मुख्य भूमीवरून, त्यातही उत्तरेकडचे बरेच. उत्तर चीन गव्हाचा आणि मेंढीचा. शांडोंगच्या किनाऱ्यावर, छिंगदाव भागात माशाचं सारण भरलेले डंपलिंग हा खास पदार्थ, आणि तो मासा म्हणजे आपल्या सुरमईचा सख्खा भाऊबंद, एकाच कुळातला. पाटीवर 'मॅकरल डंपलिंग' किंवा नुसतं 'फिश डंपलिंग' असं लिहिलेलं सापडेल. पांढरंशुभ्र, फेटून हलकं केलेलं सारण, त्यात चायनीज लसणीची पात. बाबांनी पहिला खाल्ला, काही बोलले नाहीत, आणि ताटली स्वतःकडे ओढली. इथे एक खुणेची गाठ मारा: माशाच्या सारणाला मऊपणा यावा म्हणून थोडं पोर्क किंवा त्याची चरबी मिसळायची रीत आहे. विचारल्याशिवाय मागवू नका. आम्ही विचारलं, एका प्रकारात होती, दुसऱ्यात नव्हती. मेंढीच्या मटणाचे, गाजर किंवा कांदा घातलेले डंपलिंगही मिळतात, तेही छान.

विचारायचं कसं? काउंटरवरच्या बाईंना इंग्रजी बेताचंच आणि वेळ त्याहून कमी. 'बू याव झू-रौ' म्हणजे पोर्क नको, 'बू याव न्यू-रौ' म्हणजे बीफ नको, 'वो छ सू' म्हणजे मी शाकाहारी. उच्चारांवर माझा भरवसा नाही, म्हणून लेकीने हीच वाक्यं फोनवर चिनीत करून समोर धरली. बाईंनी वाचलं, पेन्सिल घेतली आणि आमच्या ऑर्डरच्या कागदावरची एक खूण खोडून खालच्या ओळीवर केली. काम झालं. हसणंबिसणं नाही. याला उर्मटपणा समजू नका. मागे दारापर्यंत रांग आहे आणि त्यांना टेबल रिकामं हवंय, म्हणून तर भाव असे आहेत.

शाकाहाऱ्यांनी जास्त जपून. 'व्हेजिटेबल डंपलिंग'मध्ये बहुतेक वेळा अंडं असतं, कधी सुकी कोळंबी. सूप म्हणजे हाडांचंच. मापो तोफू या तिखट सिचुआनी पदार्थावर खिमा भुरभुरलेला. कांद्याच्या पातीची पोळी कुठे तेलात, कुठे चरबीत. आणि सगळे डंपलिंग एकाच पातेल्यात उकळतात, ज्यांना तेही चालत नाही त्यांनी देवळातच पोटभर जेवावं, उगीच जिवाला घोर नको. ज्यांना भांड्याचं सोवळं नाही त्यांच्यासाठी: काकडी ठेचून लसूण-व्हिनेगरात, बटाट्याचे काड्यांसारखे तुकडे मिरचीवर परतून (कचकचीत ठेवतात, कच्चा राहिला म्हणून परत पाठवू नका), आणि लियांगपी. लियांगपी म्हणजे गव्हाचं पीठ धुऊन त्याच्या चिकातून केलेल्या थंड, रुंद पट्ट्या, वर व्हिनेगर आणि लाल तेल. आपल्याकडे कुरडयांना चीक काढतात तोच प्रकार, त्यामुळे आईला कृती सांगावी लागली नाही.

त्या लाल तेलाने दोन घासांत जिभेला झिणझिण्या आल्या आणि बाबा ओरडले, "तिरफळ!" बरोबर होतं. सिचुआनची मिरी आणि कोकणातलं तिरफळ एकाच जातकुळीतली झाडं. बांगड्याच्या तिखल्यात आपण चार फळं ठेचून टाकतो, ते लोक भाजून, कुटून, तेलात उतरवतात.

नूडल्ससाठी मेन स्ट्रीट आणि रूझवेल्ट अव्हेन्यूच्या कोपऱ्याजवळचा न्यू वर्ल्ड मॉल गाठा, तळघरात फूड कोर्ट आहे. दहा-बारा जणांचा ग्रुप असेल तर हीच जागा, प्रत्येकाने आपापलं आणावं. हाताने ओढलेल्या नूडल्सचा ठेला आवाजावरून सापडतो, पिठाचा दोर ओट्यावर धपाधप आपटत असतात. पिठात पापडखारासारखा क्षार घालतात, म्हणून दोर तुटत नाही. वायव्य चीनमधल्या लान्झोऊ शहराच्या पद्धतीच्या नूडल्सच्या वाडग्यात मूळ रस्साच बीफचा असतो, नुसतं 'मांस काढा' म्हणून भागत नाही. जिरं घातलेलं मेंढीचं मटण आणि रुंद, परतलेल्या नूडल्स मागवा. एक वाडगा दोघांना पुरतो.

पैशांचं सांगते. डंपलिंगची ताटली साधारण दहा ते पंधरा डॉलरला, त्यात दहा-बारा नग. आम्ही तीन ताटल्या, लियांगपी आणि काकडी घेतली. टॅक्स आणि टीप धरून चौघांचे साठ डॉलरच्या आसपास झाले आणि थोडं बांधून आणलं. बिलावर शहराचा ८.८७५ टक्के टॅक्स लागतो, तो पाटीवरच्या भावात नसतो. टेबलावर आणून दिलं तर टीप द्या, फूड कोर्टात गरज नाही. वीस-वीसच्या नोटा जवळ ठेवा, बऱ्याच ठिकाणी कार्ड घेत नाहीत. रुपयांत हिशोब बाबांनी केला, आम्ही ऐकला नाही.

शनिवार-रविवारी बारा ते दोन टाळा. तीन वाजता गेलात तर बसायला मिळतं, तरी अनोळखी माणसं तुमच्याच टेबलावर येऊन बसतील. सरकून जागा द्यायची, नमस्कार-चमत्काराची गरज नाही. पदार्थ एकदम येत नाहीत, जे शिजलं ते आलं. एकाच्या ताटलीची वाट बघत दुसऱ्याने हात आवरून बसू नये, गार डंपलिंगला चव नाही. टेबलावरच्या काळ्या व्हिनेगरात चमचाभर लाल तेल आणि थोडा सोया सॉस, आपापल्या वाटीत कालवून घ्यायचं. काट्याचमच्याची मागणी आधीच करा. बाथरूम मॉलमध्ये उरकून घ्या, छोट्या दुकानांत ती असेलच असं नाही.

निघताना फ्रीजकडे बघा. बरीच दुकानं तेच डंपलिंग कच्चे, गोठवलेले, पिशवीने विकतात आणि नगामागे ताटलीपेक्षा खूपच स्वस्त पडतात. घरून जाड थर्मल पिशवी न्या, न्यू जर्सीपर्यंत टिकतात. घरी ते वितळू द्यायचे नाहीत, नाहीतर एकमेकांना चिकटून लगदा होतो. मोठ्या पातेल्यात पाणी खळखळा उकळवा, डंपलिंग सोडा, तळाला लागू नयेत म्हणून एकदा उलथणं फिरवा. उकळी आली की कपभर गार पाणी ओता. असं तीनदा. तिसऱ्या उकळीला ते वर तरंगतात, पारी जराशी पारदर्शक दिसते, मग काढा.