भरलेली सिरिंज तशीच राहिली

जत तालुक्यातल्या माझ्या दवाखान्यात कुत्री कमीच येतात. म्हशी, शेळ्या, मेंढरं हेच रोजचं काम. त्या दिवशी मात्र मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये, पोत्यात गुंडाळून एक कारवानी जातीचा शिकारी कुत्रा आला, वाघ्या. काटेरी तारेत मांडी फाटलेली. तोंड दोरीनं बांधलेलं, तरी गुरगुर चालूच. धरणारा पोरगा घाबरून त्याच्यावर ओरडत होता, आणि तो ओरडेल तसं कुत्रं आणखी ताठ होत होतं.

कारवानीला भूल देताना मी बिचकतो. अंगावर चरबी नावालाच. काही औषधं या जातीला जड जातात. तरी दुसरा इलाज दिसेना, म्हणून सिरिंज भरली.

तेवढ्यात वडापमधून पोराची आजी उतरली. "सोड त्येला. वरडू नगंस." फरशीवर फतकल मारून बसली. वाघ्यानं मान तिच्या मांडीवर टाकली आणि डोळे वर करून तिच्या तोंडाकडे बघत राहिला. ती कानामागं खाजवत पुटपुटत होती. हळूहळू गुरगुर थांबली, श्वास लांबला. जागा तेवढी बधिर करून मी टाके घातले.

"म्हशीला पान्हा फुटतो ना आजी, त्यामागं जो रस असतो, तोच इथंही असतो," मी म्हणालो. ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक. २०१५ साली जपानच्या आझाबू विद्यापीठातल्या संशोधकांनी कुत्री आणि मालक अर्धा तास एकत्र ठेवले. ज्या जोड्या एकमेकांकडे जास्त वेळ बघत राहिल्या, त्यांच्यात दोघांच्याही लघवीतलं ऑक्सिटोसिन वाढलेलं निघालं. माणसानं वाढवलेल्या लांडग्यांत तसं घडलं नाही. नाकात ऑक्सिटोसिन फवारल्यावर कुत्र्यांतल्या माद्या मालकाकडे जास्त वेळ बघू लागल्या, नरांत मात्र फरक दिसला नाही. आमचा वाघ्या नर. शिवाय त्याची लघवी कुणी तपासली होती? पिल्लू असल्यापासून भाकरी आजीच्याच हातची, हेही मोजायला हवंच.

आजीला जपानशी देणंघेणं नव्हतं. "म्हंजी म्हशीला चोरून टोचत्यात, त्येच का?"

"तेच. पण याला टोचायचं नाही. तुम्ही जवळ बसायचं."

पोराला बजावलं, जखम आजी धुतील. तू पाणी ओतायचं, आणि तोंड बंद ठेवायचं.