आधी बेंड पाइपची गळती, मग फ्युएल कंट्रोलर

बाइकला फ्री-फ्लो सायलेन्सर बसला, एअर फिल्टर बदलला, की पुढची मागणी ठरलेली: आता फ्युएल कंट्रोलर टाकायचा. बेंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सचे पॉवरट्रॉनिक आणि फ्युएलएक्स, बाहेरून येणारा डायनोजेटचा पॉवर कमांडर, ही त्यातली ओळखीची नावं. डबा कुठलाही घ्या, मूळ काम तेच. पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा हे ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ठरवतो आणि डबा त्या वेळेत काही टक्के वाढवतो किंवा कापतो. काही डबे ठिणगीची वेळही हलवतात. गाडी पूर्ण स्टॉक असेल तर ताकदीत फार फरक पडत नाही. 'पिकअप वाढला' असं जे वाटतं, ते बहुतेकदा हलक्या थ्रॉटलवरचे झटके गेल्यामुळे.

ट्यूनिंगआधी गाडी निरोगी हवी. टॅपेट सेटिंग, प्लग, फिल्टर, थ्रॉटल बॉडीची सफाई, इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट. व्होल्टेज पडलं की इंजेक्टर उशिरा उघडतो आणि सगळं गणित सरकतं. सर्वात महत्त्वाचं म्हणजे बेंड पाइपचा, म्हणजे इंजिनमधून सायलेन्सरकडे धूर नेणाऱ्या पाइपचा सांधा. थंड इंजिन सुरू करून लगेच सांध्यावर साबणाचं पाणी मारा. फेस आला तर गॅस्केट बदला. या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो, आणि ऑटो-ट्यून (सेन्सर बघून पेट्रोल आपोआप बदलणारी सोय) बिचारं मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी, समजून पेट्रोल ओतत राहतं. थ्रॉटल सोडल्यावर येणारे फटाकेही अनेकदा याच फटीचे असतात. त्यावर मॅप (कुठल्या थ्रॉटल-आरपीएमला किती टक्के वाढ, याचा रकान्यांचा तक्ता) रिच करणं, म्हणजे पेट्रोल वाढवणं, म्हणजे दुखणं एकीकडे, औषध भलतीकडे.

आता ज्या गोष्टीवर निम्मी ट्यूनिंग फसते ती. गाडीचा मूळ ऑक्सिजन सेन्सर नॅरोबँड असतो. ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान तो फक्त 'रिच' किंवा 'लीन' एवढंच सांगतो. किती, ते नाही. एकसारख्या वेगात ईसीयू त्याच्याकडे बघून मिश्रण लॅम्डा १ च्या आसपास धरून ठेवतो. लॅम्डा १ म्हणजे पेट्रोलला लागते नेमकी तेवढी हवा; आकडा कमी तर रिच, जास्त तर लीन. तिथे तुम्ही ५ टक्के वाढवले तर ईसीयू थोड्याच वेळात ५ टक्के काढून घेतो. वर अनेक ईसीयू ही दुरुस्ती लक्षात ठेवतात आणि पूर्ण थ्रॉटललाही लावतात, म्हणजे नको तिथे लीन. मार्ग दोन. एक, सेन्सरचा सिग्नल आपल्या ताब्यात घेणारा कंट्रोलर वापरायचा. दोन, क्रूझिंगचे रकाने शून्य ठेवून फक्त वरच्या थ्रॉटलचे रकाने बदलायचे. रोजच्या गाडीला दुसरा बरा. ॲव्हरेज आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर दोन्ही वाचतात. सेन्सर काढून त्याजागी डमी (खोटा सिग्नल देणारा प्लग) लावण्याचा तिसरा मार्ग गॅरेजमध्ये सर्रास सुचवला जातो. तो टाळा.

टाळण्याचं एक कारण आपल्याच पंपावर आहे: ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. शुद्ध पेट्रोलला संपूर्ण ज्वलनासाठी वजनाने १४.७ पट हवा लागते, ई१० ला साधारण १४.१, ई२० ला १३.५. सेन्सर जागेवर असेल तर ईसीयू हा फरक स्वतः भरून काढतो, डमी असेल तर गाडी लीन पळते. म्हणूनच एअर-फ्युएल रेशोच्या आकड्यात ट्यून करू नका. पेट्रोलसाठी बनवलेला गेज ई२० वरही लॅम्डा १ ला १४.७ च दाखवतो. गेज लॅम्डावर लावा, घोळच मिटतो.

वायरिंग करताना आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. इंजेक्टरचा कपलर सोडून मध्ये कंट्रोलरचे दोन कपलर जोडा. अर्थिंग चासीला नको, थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. वायर इग्निशन कॉइलपासून लांब न्या, नाहीतर सिग्नलमध्ये गडबड होऊन ठराविक आरपीएमला मिसिंग येतं आणि दोष मॅपला दिला जातो. कपलरचं तोंड खाली, आत डायइलेक्ट्रिक ग्रीस. पावसाळा जवळ आला की याची किंमत कळते. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून वायर ताणत नाही ना ते बघा. मग इंजिन बंद, चावी चालू ठेवून थ्रॉटलचे ० आणि १०० टक्के नोंदवा.

मोजायला वाइडबँड, म्हणजे लॅम्डाचा नेमका आकडा देणारा सेन्सर हवाच. बॉश एलएसयू ४.९ साठी १८ मिमी, १.५ पिचचा बंग (सेन्सर बसवायची आटेदार रिंग) बेंड पाइपवर, कन्व्हर्टरच्या आधी वेल्ड करा. सेन्सर आडव्यापासून किमान १० अंश वर कललेला हवा, नाहीतर पाणी साचून तो फुटतो. हीटरला वीज नसताना तो पाइपमध्ये ठेवून गाडी चालवली तर काजळीने मरतो.

हिशोब सोपा आहे. मोजलेला लॅम्डा भागिले हवा असलेला लॅम्डा. पूर्ण थ्रॉटलला ०.९५ दिसतोय आणि ०.८८ हवा आहे, तर १.०८, म्हणजे ८ टक्के वाढ. पहिल्या फेरीत त्यातले ४-५ च टाका, पुन्हा मोजा. पूर्ण थ्रॉटलला ०.८६ ते ०.९०, मधल्या थ्रॉटलला ०.९५ च्या आसपास. शेजारच्या दोन रकान्यांत ५ टक्क्यांहून मोठी उडी दिसली तर बहुधा मोजणीच चुकलेली असते. थ्रॉटल बंद केल्यानंतरच्या काही सेकंदांच्या नोंदी फेकून द्या. तेव्हा ईसीयू पेट्रोल तोडतो आणि गेज भयंकर लीन दाखवतो. वरचे रकाने डायनोवरच (गाडी जागेवर रोलरवर पळवून मोजणाऱ्या यंत्रावरच) भरा, हायवेवर लॅपटॉप बघत नव्हे.

कमी थ्रॉटलला टक्केवारी फसवी असते. इंजेक्टर उघडायलाच साधारण १ मिलिसेकंद जातो. एकूण ३ मिलिसेकंदांत १० टक्के वाढवले की ०.३ वाढतात, पण पेट्रोल प्रत्यक्षात २ च मिलिसेकंद पडत होतं. म्हणजे खरी वाढ १५ टक्के. हा वेळ वगळून हिशोब न करणाऱ्या डब्यात आयडलजवळ १-२ टक्क्यांनीच हात चालवा. वरच्या टोकाला उलटी अडचण. रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४११ ला ६,५०० आरपीएमवर एक पूर्ण चक्र १८.५ मिलिसेकंदांचं. इंजेक्टर त्याच्या ८५ टक्क्यांहून, म्हणजे सुमारे १५.७ मिलिसेकंदांहून जास्त उघडा राहू लागला, तर मॅपमध्ये आकडे वाढवून उपयोग नाही. पेट्रोलचा दाब किंवा इंजेक्टर बघा.

महाबळेश्वरसाठी वेगळा मॅप लागत नाही. विरळ हवेची दुरुस्ती ईसीयू आधीच करतो, डबा त्या दुरुस्त वेळेवर टक्के लावतो. ठिणगीची वेळ मात्र एका वेळी १ अंशाहून जास्त पुढे नेऊ नका, आणि ती पूर्ण तापलेल्या इंजिनावर, चढावर लोड देऊन तपासा. टकटक ऐकू आली की लगेच २ अंश मागे.

मूळ शून्य मॅप वेगळ्या नावाने जपून ठेवा. ५०० किलोमीटरनंतर प्लग काढून बघा, आणि ऑइलची डिपस्टिक हुंगा. पेट्रोलचा वास आला तर खालचे रकाने रिच आहेत. ते कमी करा, ऑइल बदला, आणि तो साबणाच्या पाण्याचा प्रयोग पुन्हा एकदा.