आमची वाटचाल : तबकडी आणि तीनशे बोर्ड

आमच्या टेबलावरची सगळ्यात जुनी वस्तू म्हणजे रेकॉर्ड प्लेयरची तबकडी. तिच्यावर १२० नंबरचा पॉलिश पेपर गोल कापून चिकटवलाय. बाजूला पितळी पट्टीचा हात आहे, त्यात आमचा सेन्सरचा बोर्ड अडकवायचा (खालची जमीन किती सरकली ते बघून रोबोटला किंवा ड्रोनला सांगणारा), केंद्रापासून बरोबर १२ सेंटिमीटरवर. संथ वेगाला तबकडी तीन मिनिटांत १०० फेरे घेते, म्हणजे सेन्सरखालून सेकंदाला ४१.९ सेंटिमीटर पृष्ठभाग सरकतो. मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या वेगाला ५६.५. बोर्डाने हेच आकडे सांगितले पाहिजेत. सांगितले तर पाकिटात, नाहीतर लाल डब्यात. तबकडीच्या कडेला ठिपक्यांच्या रांगा आहेत. छोट्या निऑन दिव्याखाली त्या जागच्या जागी उभ्या दिसल्या की वेग बरोबर आहे असं समजायचं.

चिप तर सगळेच तीच वापरतात, मग तुमचं वेगळं काय, असं लोक विचारतात. आमची ही तबकडी.

ती माझ्या भागीदाराने आणली. तो फर्मवेअर, म्हणजे बोर्डातला प्रोग्राम, लिहायचा, मी सोल्डरिंग आणि हिशोब सांभाळायचो. दोघांनाही रोबोटचं वेड होतं आणि दोघांचंही दुखणं एकच होतं, चाकांचं. चाकावरचा एन्कोडर फेऱ्या मोजतो, रोबोट किती पुढे गेला ते त्याला कळत नाही. चाक जागेवर घसरलं तरी तो मोजतच राहतो. दहा वळणांनंतर रोबोटला वाटतं आपण दारात आहोत, आणि असतो कपाटाखाली. मग एकदा भागीदार म्हणाला, "माउसला कुठे चाकं असतात?"

त्या काळात आम्ही जुने माउस किलोवर आणून फोडायचो. आतली एडीएनएस-२६१० ही चिप म्हणजे १८ गुणिले १८ ठिपक्यांचा इवलासा कॅमेरा. सेकंदाला सुमारे दीड हजार फोटो काढायचे, प्रत्येक फोटो आधीच्या फोटोवर सरकवून बघायचा, जिथे सगळ्यात चांगला जुळेल तेवढं अंतर सरकलो म्हणायचं. युक्ती एवढीच आहे, आणि अजूनही मला ती सुंदर वाटते. अडचण लेन्सची होती. माउसची लेन्स जेमतेम अडीच मिलिमीटरवरचं बघते. रोबोट एखाद्या वायरवरून गेला, जरा उचलला गेला, की सेन्सर आंधळा. म्हणून पुढे एडीएनएस-३०८० घेतली, ३० गुणिले ३० ठिपके आणि सेकंदाला ६४०० फोटोंपर्यंत जाणारी, आणि तिच्यावर एम१२ मापाची कॅमेऱ्याची लेन्स आट्यांवर बसवली. फोकस करायला लेन्स फिरवायची आणि संगणकावर ते ९०० ठिपके बघत बसायचं. कोपऱ्यातला वर्तमानपत्राचा मथळा पहिल्यांदा त्या ठिपक्यांत ओळखू आला तेव्हा आम्ही दोघेही बराच वेळ काही बोललो नाही.

पहिले सगळे बोर्ड हातानेच बनवले. २०१३ मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातून पीएक्स४फ्लो आला, खरा कॅमेरा, आवाजाने उंची मोजणारा सोनार आणि वळणं-झुकणं मोजणारा जायरो एकाच बोर्डावर. ड्रोनवाल्यांना त्याने दिशा दाखवली. आमच्यासारख्यांना पुढे पीएमडब्ल्यू३९०१ ही चिप मिळाली आणि काम सोपं झालं. लेन्स तिच्यातच, ८ सेंटिमीटरच्या पुढे कितीही लांबचं चालतं, वजन नगण्य. सोपं म्हणजे जोडायला सोपं. चालू करताना तिच्या रजिस्टरांत, म्हणजे आतल्या कप्प्यांत, आकड्यांची एक लांबलचक माळ ठरलेल्या क्रमाने भरावी लागते, आणि कोणता आकडा कशासाठी हे डेटाशीटमध्ये सांगितलेलं नाही. भागीदाराने ती माळ भरण्यात आणि तपासण्यात दोन महिने घातले.

तेव्हा बोर्ड तपासायची माझी पद्धत साधी होती. चिपला ओळख विचारायची. हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या आकड्यांत) ४९ असं उत्तर आलं की चिप जिवंत, जोडणी बरोबर, बोर्ड पास. भागीदाराला ते पटायचं नाही. "तू तिला फक्त 'आहेस का' एवढंच विचारतोस," तो म्हणायचा. "'दिसतंय का' हे कोण विचारणार?" त्यावरून आमचे वाद व्हायचे, आणि एका रविवारी तो वडिलांचा बंद पडलेला रेकॉर्ड प्लेयर घेऊन आला.

आता प्रतिस्पर्ध्याबद्दल. नाव घेणार नाही, या धंद्यातले लोक ओळखतील. आमचा बोर्ड बाजारात येऊन वर्ष झालं नसेल, तोच दुसऱ्या एका कंपनीचा बोर्ड आला. तीच चिप, त्याला आमचा आक्षेप नाही, चिप कोणाच्या मालकीची नसते. पण भोकं तिथेच, जोडणीच्या पिनांचा हेडर त्याच बाजूला, १.८ व्होल्टचा रेग्युलेटर त्याच कोपऱ्यात त्याच तिरकेपणाने बसवलेला. तो तिरका का होता माहीत आहे? पहिल्या आवृत्तीत माझ्याकडून बोर्डावरच्या तांब्याच्या रेघेचा मार्ग (ट्रेस) चुकला होता, तो वळवायला जागा नव्हती म्हणून. आणि खरा पुरावा पुढे आहे. आमच्या पहिल्या आवृत्तीवर वाय अक्षाचा बाण उलटा छापला गेला होता. मॅन्युअलमध्ये आम्ही तसं स्पष्ट लिहिलं, दुसऱ्या आवृत्तीत सुधारलं. त्यांच्या बोर्डावर बाण उलटाच होता. सूचना मात्र नव्हती.

मी त्यांना फोन केला. उत्तर मिळालं की या धंद्यात सगळे असंच बनवतात. आज इतक्या वर्षांनीही ते वाक्य मला जसंच्या तसं आठवतं. रात्री दोन वाजता जागून ठिपके बघितलेल्या माणसाला असं सांगायचं नसतं.

मधली वर्षं ठीक गेली. भागीदाराने घरच्या जबाबदारीमुळे नोकरी धरली. तबकडी न्यायला तो विसरला की मुद्दाम ठेवून गेला, मी विचारलं नाही.

मग चिपांचा दुष्काळ आला. २०२१ मध्ये कोणाला कशाचीच खात्री नव्हती. वितरक ५२ आठवडे सांगायचे आणि तेही 'बघू' म्हणून. आमच्या हातात ३०० सेन्सर होते, ऑर्डरी त्याहून जास्त, आणि अनेकांची आगाऊ रक्कम घेऊन मी घटक भरून ठेवले होते. ग्राहक रोज विचारत होते. बोर्ड जॉबवर्कला दिले, ते आले, आणि मी घाई केली. एक बोर्ड तबकडीवर नीट तपासायला चार मिनिटं लागतात. ३०० बोर्डांचे २० तास झाले. मी ओळख विचारली, ४९ आलं, पाकिटात भरला. ४९ आलं, पाकिटात. दोन दिवसांत २६४ बोर्ड रवाना केले.

तिसऱ्या आठवड्यात बाईंचा फोन आला. या बाई शाळेत विज्ञान शिकवतात आणि मुलांचा रोबोटचा संघ चालवतात. आमच्या हाताने बनवलेल्या पहिल्या दहा बोर्डांतले दोन त्यांनी घेतले होते, तेव्हापासून दरवर्षी घेतात. त्यांच्याकडे एक वही आहे. फोमची चटई, प्लायवुड, फरशी, प्रत्येकावर रोबोट दहा वेळा २००० मिलिमीटर पळवायचा, टेपने मोजायचं, लिहायचं. आमच्याकडे कुठल्याही आवृत्तीची जितकी मोजमापं असतील, त्याहून जास्त त्या वहीत आहेत. बाई म्हणाल्या, "दादा, मुलांनी कोड तीनदा तपासलाय. आता तुमचा बोर्ड तुम्ही तपासा." पाठोपाठ वहीच्या पानांचे फोटो आले. चटईवर २०१०, २०१५, म्हणजे चालण्यासारखं. साध्या फरशीवर २२३०, २२६०, एकदा तर २४००. रोबोट दोन मीटर झालेत हे ओळखतच नव्हता, पुढे जाऊन भिंतीला धडकत होता. शेवटच्या रकान्यात मुलांनी स्क्वॉल लिहिला होता, म्हणजे पृष्ठभागावर सेन्सरला किती खुणा सापडतात तो आकडा. जुन्या बोर्डाच्या निम्मा.

उरलेल्या ३६पैकी एक बोर्ड मी तबकडीवर ठेवला. पॉलिश पेपरवर आकडा थोडाच कमी आला. पेपरवर साधा राखाडी कागद ठेवला आणि आकडा कोसळला. भिंगाखाली बघितलं तर सेन्सरच्या लेन्सवर दुधासारखा पापुद्रा. जॉबवर्कवाल्याने सोल्डरिंगनंतर बोर्ड धुतले होते, आणि धुण्याआधी लेन्सवरची पिवळी संरक्षक पट्टी सोलून काढली होती. ती पट्टी अगदी शेवटी काढायची असते, हे आमच्या कागदावर ठळक लिहिलेलं होतं. सोल्डरिंगचं रसायन, फ्लक्स, विरघळलेलं पाणी लेन्सवर वाळलं. चित्र धूसर, खुणा पुसट, आणि सरकलेल्या अंतरातला काही भाग मोजायचाच राहून जातो. चिप मात्र शंभर वेळा विचारा, ४९च सांगणार. जॉबवर्कवाल्याचं म्हणणं पडलं की ते सगळ्यांचेच बोर्ड असे धुतात. नुकसानीचा एक पैसाही त्यांनी दिला नाही. पट्टी त्यांनी काढली, हे खरंच. पण तबकडी मी बंद ठेवली होती.

सगळे बोर्ड परत मागवले. त्या दिवसांत माझी झोप गेली. आगाऊ रकमा खर्च झालेल्या, नवीन सेन्सर वर्षभर मिळणार नाहीत, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत आमच्या ग्राहकांना त्या प्रतिस्पर्धी कंपनीची पत्रं गेली : आमच्याकडे माल तयार आहे. त्यांना ग्राहक कसे कळले, हे मला अजून कळलेलं नाही. चाळीसेक गिऱ्हाइकं तिकडे गेली. त्यांना दोष देत नाही, त्यांच्या स्पर्धा तोंडावर होत्या.

भागीदाराला फोन करायला मला चार दिवस लागले. तो नोकरीवरून सुटून संध्याकाळी थेट यायचा. "मी सांगितलं होतं" असं एकदाही म्हणाला नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल, बारीक टोकाचा स्वॉब, एकदा फिरवून टाकून द्यायचा, दुसरा घ्यायचा, घासायचं नाही. मग तबकडी, दोन्ही वेग, पॉलिश पेपर आणि राखाडी कागद दोन्ही. प्लेयरचा पट्टा मधेच तुटला, एक रात्र शिवणयंत्राच्या पट्ट्यावर काढली, वेग जुळेना म्हणून दुसऱ्या दिवशी नवा आणला. ३००पैकी १८७ सुधारले. ११३मध्ये ओल लेन्सच्या आत गेली होती, ते टाकून द्यावे लागले. कोणाला आधी द्यायचे, याची यादी करताना बाईंचा निरोप आला की त्यांचे सहा बोर्ड सगळ्यात शेवटी द्या, मुलांनी जुन्या बोर्डावर भागवायचं ठरवलंय. ज्यांना देता आले नाहीत, त्यांचे पैसे फेडायला आम्हाला दीड वर्ष लागलं. फेडले, सगळ्यांचे.

इथवर वाचलंत तर चार गोष्टी सांगून ठेवतो, कोणाचाही बोर्ड वापरत असाल तरी. ड्रोनवर हा सेन्सर वेग सांगत नाही, कोन सांगतो. त्याला उंचीने गुणल्याशिवाय मीटर मिळत नाहीत, म्हणून शेजारी अंतर मोजणारा सेन्सर हवाच. ड्रोन नुसता झुकला तरी जमीन सरकल्यासारखी दिसते, तेवढं जायरोचं माप वजा करा, आणि जायरोचं वाचन त्याच क्षणाचं असू द्या. थोडं मागचं घेतलंत तर ड्रोन जागेवर डोलत राहतो आणि लोक उगाच पीआयडीचे, म्हणजे ड्रोनला स्थिर धरणाऱ्या गणिताचे, आकडे बदलत बसतात. पीएमडब्ल्यू३९०१ सेकंदाला ७.४ रेडियनपर्यंत झेपवते. एक मीटर उंचीवर ते ७.४ मीटरचा वेग झाला, १० सेंटिमीटरवर फक्त ७४ सेंटिमीटर. जमिनीलगत पळवायचं असेल तर जवळचं बघणारी चिप घ्या. आणि दिवे! ही चिप सेकंदाला १२१ फोटो काढते. ५० हर्ट्झच्या विजेवरचे काही दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, ६०च्या विजेवरचे १२० वेळा. आपल्या डोळ्यांना कळत नाही, सेन्सरला कळतं. घरात बिघडलेला ड्रोन अंगणात सुतासारखा चालला तर बोर्ड परत पाठवण्याआधी दिवा बदलून बघा. चकचकीत एकरंगी फरशीवर मात्र असे सेन्सर सहसा नीट चालत नाहीत, तिथे दोष कोणाला देऊ नका.

आता आम्ही रोबोटसाठी पीएए५१६० ही चिप घेतो. जमिनीपासून एक-दोन सेंटिमीटरवर तिची नजर फार चांगली आहे, आणि शेजारी सहा अक्षांचा जायरो-अ‍ॅक्सेलरोमीटर बसवला की रोबोटला जागा आणि दिशा दोन्ही कळतात. भागीदार पुन्हा भागीदार झालाय, अर्धवेळ. तबकडीवर आता दुसऱ्या प्रकारचा हात बसवलाय, बोर्ड स्वतःभोवती दहा वेळा फिरवून ३६०० अंश मोजतो का ते बघायला. बाईंच्या वहीचे तीन भाग झालेत. तिच्यातला फरशीचा रकाना बघूनच आम्ही राखाडी कागद कायमचा चाचणीत घेतला.

त्या प्रतिस्पर्धी कंपनीच्या बोर्डावर बाण अजून उलटाच आहे. तुमच्याकडे तो असेल आणि रोबोट पुढे जाताना वाय उणे येत असेल, तर तुमचं काही चुकलेलं नाही. कोडमध्ये वायचं चिन्ह बदला. त्यानंतरही फरशीवर अंतर कमी येत असेल तर बोर्ड आमच्याकडे पाठवा, कोणाचाही असो. तबकडीवर ठेवून आकडा लिहून परत पाठवू.