आमचं डांगाण, आणि काजव्यांसाठी येणारे फोन

मे महिना लागला की ऑफिसातल्या कुणाचा तरी फोन येतोच, काजवे कधी दिसतील रे, भंडारदऱ्याला टेंट बघून देतो का. मी पण सांगतो, महिनाअखेर या, मोठा पाऊस लागायच्या आत. खरं सांगू का, लहानपणी आम्हाला काजव्यांचं काडीचं कौतुक नव्हतं, त्या दिवसांत घरात सगळ्यांचं चित्त राबाकडं, म्हणजे पालापाचोळा-शेण जाळून भाजलेल्या भातरोपांच्या वाफ्याकडं असायचं, राब भाजून झालाय, आता भात पेरायचं आणि आभाळाकडं बघत बसायचं.

आमचा अकोले तालुका म्हणजे दोन तालुके एकात कोंबल्यासारखा आहे. पश्चिमेला कळसूबाई, रतनगड, घाटघर, हे आमचं डांगाण, वस्ती महादेव कोळी आणि ठाकरांची. घाटघरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, नगरची चेरापुंजी म्हणतात, आणि खाली अकोल्यात जेमतेम ५००-६००. तरी ऊस खाली, साखर कारखाना खाली. वरती सगळा काळा कातळ आणि उतार, मातीच नाही तर पाणी मुरणार कुठं. भंडारदरा धरण इंग्रजांच्या काळात, १९२६ ला पुरं झालं, ११ टीएमसीचं, ते पाणी प्रवरेनं संगमनेर-श्रीरामपूरकडं जातं आणि एप्रिलात आमच्या वाडीतल्या बाया झऱ्यावर वाटीवाटीनं हंडा भरत बसतात.

आवणी, म्हणजे भाताची लावणी, मात्र बघण्यासारखी असते. गुडघाभर चिखल, पाठीवर इरलं (आता प्लास्टिकचा कागदच), आणि औताला डांगी बैल. हे जनावर पावसासाठीच बनलंय, कातडी तेलकट, पाणी निथळून जातं, खूर काळे नि टणक. आमचा बैल दिवसभर भिजून संध्याकाळी निवांत रवंथ करायचा आणि आम्ही शिंकत चुलीपाशी.

भात, नागली, वरई घरात आली की दिवाळीनंतर काम संपलं. मग मजुरीला पुणे जिल्ह्यातलं नारायणगाव. पहाटे तिथं मजुरांचा बाजार भरतो, मी आईबरोबर दोन वर्षं गेलोय, पिकअप येऊन थांबायची, बागायतदार खाली न उतरताच विचारायचा किती जणी, आणि आईच्या गटातली एक म्हातारी सगळ्यांच्या वतीनं मजुरी ठरवायची, परवडलं नाही तर सरळ पाठ फिरवायची, मग तोच हाका मारायचा. कांदा लावायचा, टोमॅटो तोडायचे, रात्री पालात झोपायचं. माझी चौथी अशीच अर्धी बुडाली.

उन्हाळ्यात बाळहिरडा, म्हणजे हिरड्याचं कोवळं औषधी फळ. झाडावर चढून तोडायचा, वाळवायचा, विकायचा. एका व्यापाऱ्याच्या काट्यावर आमचं पोतं दरवेळी घरच्यापेक्षा दोन-तीन किलो हलकं भरायचं, बा कधी बोलला नाही, उचल त्याच्याकडूनच घेतलेली ना.

गावठी बियाणं जपणाऱ्या, आमच्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंना २०२० ला पद्मश्री जाहीर झाली तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले, मीपण. आईनं फोटो बघून एवढंच विचारलं, त्यांच्याकडं आपल्या जुन्या वालाचं बी असंल का, आपलं किडलं तेव्हापासून तसली आमटी झाली नाही.

आता आई नारायणगावला जात नाही. काल फोनवर म्हणाली, खालच्या अंगाला टेंट लागलेत, पोरं रात्रभर गाणी लावतात, गाय बुजती. म्हटलं अगं माझ्याच ऑफिसातली आहेत ती. तर म्हणे, मग जेवायला किती जण ते आधी सांग.