डार्करूमच्या जमिनीत सांधे जितके कमी तितकं बरं

डार्करूम म्हणजे फोटो धुण्याची अंधारी खोली. तिथे फिक्सरचा, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या द्रावणाचा, थेंब जमिनीवर पडला की ओला असेपर्यंत दिसत नाही, लाल दिव्यात तर नाहीच. तो वाळला की थायोसल्फेटची, म्हणजे फिक्सरमधल्या क्षाराची, पांढरट, खरखरीत कड मागे राहते. चपलेखाली तिची पूड होते आणि पूड हवेत उडते. त्यातला एक कण डेव्हलप करायच्या (चित्र उमटवायच्या) आधीच फोटोच्या कागदावर बसला, तर तिथली चांदीची संयुगं विरघळतात आणि प्रिंटवर पांढरा ठिपका उमटतो. मग माणूस भिंग पुसतो, निगेटिव्ह पुसतो, पण ठिपके काही जात नाहीत.

म्हणून जमीन निवडताना पहिला प्रश्न हा, की सांडलेलं कुठे मुरेल? गालिचा तिथेच बाद. लॅमिनेटही नको, आतला दाबलेल्या भुशाचा थर सांध्यातून पाणी पितो आणि कडा फुगतात. लाकडी तक्तपोशीत फटी असतातच, शिवाय ती पावलागणिक हलते. एन्लार्जरवर, म्हणजे निगेटिव्हचं चित्र मोठं करून कागदावर पाडणाऱ्या यंत्रावर, तीस सेकंदांचं एक्स्पोजर चालू असताना तुम्ही एक पाऊल टाकलंत, की प्रिंटचा धारदारपणा गेला. जमीन लाकडीच असेल, तर एन्लार्जर भक्कम भिंतीला ब्रॅकेटवर बसवा.

संगमरवर, चुनखडीचा दगड आणि संगमरवराची खडी घातलेला मोझॅक यांचं वैर स्टॉप बाथशी, म्हणजे डेव्हलपिंग थांबवणाऱ्या द्रावणाशी. त्यातलं ॲसेटिक ॲसिड सौम्य असलं तरी चुना खातं, आणि तेवढ्या जागेची चकाकी जाऊन निस्तेज डाग पडतो. डेव्हलपरचा, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या द्रावणाचा, त्रास वेगळा. तो हवेत तपकिरी होतो आणि सिमेंटमध्ये एकदा मुरला की निघत नाही.

नव्याने करायचं असेल, तर माझी पसंती सलग व्हिनाइल शीटला. दोन मिलिमीटर जाडीची, वाळूच्या कागदासारखी खरखरीत नसलेली मॅट शीट घ्या. छोट्या खोलीत एकच तुकडा पुरतो. जोड द्यावाच लागला तर तो गरम करून वेल्ड करून घ्या आणि द्रावणांच्या ट्रेच्या बाजूला येऊ देऊ नका. कडा भिंतीवर दहा सेंटिमीटर वर चढवा, म्हणजे कोपऱ्यात काही साचत नाही. चिकटवण्याआधी ४५ सेंटिमीटर चौरस प्लॅस्टिक चारही बाजूंनी टेप लावून कोब्यावर एक दिवस ठेवा. खाली दव जमलं, तर ओल आहे. आधी तिचा बंदोबस्त करा, नाहीतर गोंद सुटून फुगे येतील. व्हिनाइलवर काळी रबरी चटई मात्र टाकू नका, रबरातली द्रव्यं उतरून पिवळट डाग पडतो आणि तो कायमचा असतो.

आधीच व्हिट्रिफाइड लाद्या असतील, तर त्या उखडायची गरज नाही. त्यांची पाणी शोषण्याची क्षमता अर्ध्या टक्क्याहून कमी असते. कमकुवत असतात ते सांधे. सिमेंटचं ग्राउट (सांध्यात भरलेला लेप) खरवडून काढा, सांधा कोरडा करा आणि इपॉक्सीचं, म्हणजे कृत्रिम राळेचं, ग्राउट भरा. एका वेळी थोडंच कालवा, कारण ते लवकर घट्ट होतं. लादीवर राहिलेला पातळ थर ओल्या स्पंजने लगेच पुसा. वाळल्यावर तो निघता निघत नाही.

उघडा कोबा असेल, तर इपॉक्सी रंग. कोबा नवा असल्यास २८ दिवस थांबा, वरचा ठिसूळ थर घासून काढा, मग प्रायमर आणि दोन हात. चालण्याजोगा होणं वेगळं आणि रसायनाला टिकणं वेगळं. पूर्ण पक्व व्हायला साधारण आठवडा द्या.

रंग मध्यम करडा, मॅट. चकचकीत जमीन दाराखालून शिरलेला उजेड आत परावर्तित करते, आणि फिल्म रिळावर चढवताना तेवढाही उजेड महाग पडतो. गडद काळा रंगही नको, त्यावर पडलेली टोपी किंवा क्लिप सापडत नाही. दाराशी दीड सेंटिमीटरची पट्टी लावली, की उजेड आणि पाणी दोन्ही अडतात. मोरी असेल तर ट्रेच्या बाजूला मीटरमागे एक सेंटिमीटर उतार द्या, एन्लार्जरखालची जमीन मात्र सपाट ठेवा. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरलेली असते, त्यामुळे तो मोरीत न ओतता वेगळ्या डब्यात साठवा.

तासन्‌तास उभं राहायला मऊ चटई लागतेच. बंद पेशींच्या, म्हणजे पाणी न शोषणाऱ्या, फोमची, छिद्रं नसलेली, धुता येईल अशी घ्या. काम संपल्यावर झाडू मारू नका, त्याने पूड आणखी उडते. साध्या पाण्याच्या ओल्या फडक्याने दोनदा पुसा, दुसऱ्यांदा पाणी बदलून, आणि हे फिल्म वाळत टाकायच्या आधी उरका.