सहा पूर्ण

नेहाच्या लेकाला परवा सहा पूर्ण होताहेत. आकड्याची मेणबत्ती आणायचं माझ्याकडे होतं, बर्डीवरून आणली. तेव्हापासून तो सहा डोक्यातून जाईना.

आईसोबत तुरुंगात राहणाऱ्या लेकराला सहा वर्षांपर्यंतच आत राहता येतं. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानं उपाध्याय खटल्यात सगळं लिहून ठेवलंय. बाळंतपण शक्यतो बाहेर, जन्मदाखल्यावर तुरुंगाचं नाव नको, पाळणाघर हवं, बालवाडी हवी. सहानंतर नातेवाइकांकडे, नाहीतर संस्थेत. आठवड्यातून एकदा तरी आईची भेट.

वाचून बरं वाटायला हवं होतं.

नागपूरच्या वर्धा रोडवरून इतकी वर्षं जाते-येते. जेलपाशी ऑटो अडकला की मी मोबाइल काढते. आत एखादं पोट्टं कोणाच्या तरी मागे भुणभुण करत असेल, हे कधी मनातही आलं नाही.

मला नेमकं कशाचं वाईट वाटतंय? ते आत आहे याचं, की सहा झाले की आईला सोडून निघेल याचं? त्याच निकालात आहे, आत वाढलेली लेकरं रस्त्यावरचं जनावर पाहून भितात. आणि आपल्याकडे बाहेरचे पोट्टे तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल ओढत घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. म्हणजे बाहेर काढायलाच हवं. पण बाहेर म्हणजे कोणाकडे? आजी असेल तर ठीक. काका असेल तर... जाऊ दे. मग आतच बरं का? तेही तोंडातून निघत नाही.

२०२१ च्या अखेरीस देशभरात अशी १,८६७ लेकरं होती. बहुतेकांच्या आया कच्च्या कैदी. म्हणजे गुन्हा केला की नाही, हेच अजून ठरायचंय. खटल्याला पुढची तारीख मिळते. लेकराचे सहा मात्र ठरल्या दिवशी होतात.

माझा मुलगा मुकुंद पुण्याला गेला तेव्हा चांगला अठराचा होता, मिशी फुटलेली. तरी मी त्याच्या खोलीत जाऊन बसायचे. तेव्हा मला कोणी विचारलं नाही, आणि आताही घरात कोणाला पडलेली नाही. भाजी निवडता निवडता डोळे भरले, तर कांदा समजतात.

रात्री यांना सांगितलं. हे म्हणाले, "तू जेलातल्या लेकरांसाठी रडून राहिली, का मुकुंदचा फोन नाही आला म्हणून?"

असा राग आला! निम्मं बरोबर होतं म्हणून जास्तच. पण निम्मंच. उरलेलं निम्मं त्या लेकराचं आहे, त्यात मुकुंद नाही. तेवढं तरी माझ्या पदरात टाका की.

चिडून माळ्यावरची पेटी काढली. मुकुंदची चित्रांची पुस्तकं निघाली. बैल, गाय, बकरी, सगळी जनावरं शाबूत, फक्त हत्तीला कसर लागलीय. अशी द्यायची म्हटलं तर चालतात का, अर्ज लागतो का, कोणाकडे करायचा, काही कल्पना नाही. माया दाखवायलाही टेबल शोधा आता. वहिनीचा भाचा वकिली करतो, त्याला ठाऊक असेल. उद्या तिला फोन करते. दोनच्या आधी करायला हवा, नंतर ती झोपते आणि उचलत नाही.